मूळ भाषा येत नसताना समकालीन आदिवासी भाषांतील साहित्याचा विद्यापीठातला कोर्स घ्यावा का?

जरूर घ्या. असे बरेच कोर्स अनुवादातूनच शिकवतात. पण नाव नोंदवण्याआधी वाचनयादी मागवा. किती पुस्तकं द्विभाषिक आहेत? अनुवाद थेट मूळ भाषेतून झालाय की मधल्या एखाद्या भाषेवरून? खरी अडचण इथेच येते. उत्तर युरोपातल्या सामी या आदिवासी समाजातले कवी निल्स-अस्लाक वाल्केआपा यांच्या ज्या संग्रहाला १९९१ चा नॉर्डिक कौन्सिल साहित्य पुरस्कार मिळाला, त्यात जुनी छायाचित्रं कवितेचाच भाग आहेत. अनुवादित आवृत्त्यांत ती मुद्दाम वगळली. नुसता अनुवाद वाचून लिहिलेला निबंध अशा वेळी अर्धवट राहतो. म्हणून दर आठवड्याला निदान एक छोटी कविता मूळ ओळींसह, शब्दाशब्दाचा अर्थ लावत वाचा, ध्वनिमुद्रण असेल तर ऐका. आणि प्रत्येक कथेत लोककथा शोधू नका, हे आजचे लेखक आहेत.