स्नायू आपोआप भरून येतो, मग नसेच्या ऑपरेशनची घाई कशाला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ दुचाकीवरून पडला, मानेजवळ हाताच्या नसेला मार बसला, त्याला ५ महिने झाले. बोटं हलतात, पण कोपर वाकत नाही आणि दंड वाळत चाललाय. सर्जन म्हणतात नसेचं, म्हणजे मज्जातंतूचं, ऑपरेशन याच महिन्यात करू. घरातले काका म्हणतात स्नायूत स्टेम सेल असतात, तो आपला आपण भरून येतो, वर्षभर वाट बघा. त्यातच कुणीतरी स्टेम सेलच्या इंजेक्शनचं पत्रक आणून दिलंय. थांबावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे भावाच्या हाताबद्दलचा शेवटचा शब्द त्याला तपासणाऱ्यांचाच. पण नस कापलेला स्नायू पुन्हा कसा तयार होतो, यावर मी ११ वर्षं प्रयोगशाळेत काम केलंय. त्या जोरावर सांगतो, थांबू नका. काकांचं पहिलं म्हणणं खरं आहे. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष खरा नाही.

आधी खरं काय ते. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तंतूला चिकटून बसलेल्या छोट्या पेशी दिसल्या. तंतूचं पटल आणि त्यावरचं पातळ आवरण यांच्या फटीत त्या असतात. काका म्हणतात ते स्टेम सेल याच, त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. एरवी त्या निजलेल्या असतात. तंतू फाटला की जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळतात आणि नवा तंतू घडवतात. आम्ही उंदराच्या पोटरीत नोटेक्सिन टोचायचो. ऑस्ट्रेलियातल्या टायगर सापाच्या विषातला हा घटक. एक-दोन दिवसांत तंतूंचा चिखल व्हायचा, चौथ्या-पाचव्या दिवशी मधोमध केंद्रकांची माळ असलेले कोवळे तंतू दिसायचे आणि तीनेक आठवड्यांत स्नायू जवळपास पूर्ववत. पहिल्यांदा ते काप पाहिले तेव्हा मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकापासून उठलोच नव्हतो.

आता तोच प्रयोग, पण विष टोचतानाच नसही कापायची. पहिला आठवडा दोन्ही उंदरांत फरक ओळखता येत नाही. नस असो वा नसो, कोवळे तंतू येतात. त्यानंतर मात्र वाटा फुटतात. नस असलेला तंतू जाड होत जातो. नस नसलेला बारीकच राहतो आणि मग रोडावतो. पोटरीच्या सोलियस या स्नायूत तर नस नसेल तर दमदार, हळू आकुंचन पावणारा मायोसिन (स्नायूला आकसवणारं प्रथिन) तयारच होत नाही. म्हणजे स्नायू आपलं बांधकाम सुरू स्वतः करतो, पण पुरं करायला त्याला नस लागते.

नसेचा हा हक्क किती खोल आहे, हे १९६० मध्ये कॅनबेरात जॉन एक्लिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांनी मांजरीच्या पायातल्या मंद आणि चपळ स्नायूंच्या नसा आपसात बदलून जोडल्या. मंद स्नायू चपळ होऊ लागला, चपळ स्नायू मंदावला. पुढे नॉर्वेच्या तेर्ये ल्यॉमो यांच्या प्रयोगांतून दिसलं की यातला मोठा वाटा नसेतून येणाऱ्या विजेच्या तालाचा आहे. नस कापलेल्या स्नायूला बाहेरून ठरावीक ताल दिला, तरी नस तुटल्यावर होणारे बरेच बदल रोखता येतात.

इथे तुमच्या कामाची गोष्ट. फिजिओथेरपीत भावाला करंट देत असाल, तर त्यातल्या प्रत्येक स्पंदाची, म्हणजे झटक्याची, लांबी विचारून घ्या. नस शाबूत असलेल्या स्नायूला मिलिसेकंदाहूनही छोटा झटका पुरतो, कारण तो आधी नसेला उठवतो. नस तुटलेल्या स्नायूला असा झटका कळतच नाही. त्याला १०० मिलिसेकंद किंवा त्याहून लांब स्पंद लागतो. कित्येक ठिकाणी सवयीने छोटाच स्पंद लावतात, आजूबाजूचे निरोगी स्नायू उडतात आणि घरच्यांना वाटतं उपचार चालू आहे. योग्य करंटनेही फक्त स्नायू राखला जातो, नस जोडली जात नाही.

आता घाई कशाची ते. तुटलेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला ३ सेंटीमीटर. मानेजवळच्या जखमेपासून दंडाच्या बायसेप्सपर्यंत, म्हणजे कोपर वाकवणाऱ्या स्नायूपर्यंत, वीसेक सेंटीमीटर धरा. सहा-सात महिने प्रवासाचे, शिवाय टाका ओलांडायला सुरुवातीचे काही आठवडे. तिकडे नसेविना पडलेला माणसाचा स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर नस पोचली तरी नीट कामाला लागत नाही. तुमचे ५ महिने गेलेत. आज ऑपरेशन झालं तरी हिशेब वर्षाच्या पलीकडे जातो. काकांच्या सल्ल्याप्रमाणे वर्ष थांबून मग ऑपरेशन केलं, तर नस पोचेपर्यंत दीड वर्ष उलटून गेलेलं असेल.

स्नायू कमी पडतो तो का, हे कळलं की इंजेक्शनचा मोह सुटतो. १९९५ मध्ये कॅनडात सुसान फू आणि टेसा गॉर्डन यांनी उंदरांत दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एका गटात नसेच्या पेशी बराच काळ स्नायूविना ठेवल्या आणि मग ताज्या स्नायूला जोडल्या. दुसऱ्यात स्नायू बराच काळ नसेविना ठेवला आणि मग ताजी नस जोडली. नुकसान दोन्हीत झालं, पण दुसऱ्या गटात फार जास्त. परत जुळलेली मोटर युनिटं (नसेची एक पेशी आणि ती चालवते ते स्नायूतंतू) १० टक्क्यांच्याही खाली गेली. मुख्य अडचण वाटेची होती. तुटल्या जागेपासून स्नायूपर्यंत नसेची जी रिकामी नळी उरते, तिच्यातल्या श्वान (Schwann) नावाच्या आधार देणाऱ्या पेशी सुरुवातीला वाढत्या टोकांना पोसतात. महिने लोटले की त्यांचं बळ सरतं आणि वाट बुजत जाते. काका ज्यांच्या भरवशावर आहेत त्या सॅटेलाइट पेशीसुद्धा नस तुटल्यावर आधी वाढतात आणि पुढे घटत जातात. मग स्नायूत वरून पेशी ओतून उपयोग काय? त्यांच्यापर्यंत पोचायला नस हवी आणि तिला वाट हवी.

पत्रकाबद्दल एवढंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसाठी होणारं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीत करायचा असतो, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. पत्रकावर दर छापलाय, तर निर्णय तिथेच झाला. तुमची पुंजी आणि भावाचे महिने, दोन्ही तिकडे घालवू नका. ही मोठ्या भावाची विनंती समजा.

बोटं हलतात, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून मला बरं वाटलं. त्यावरून मानेतून हाताकडे निघणाऱ्या मुळांपैकी खालच्या मुळांच्या नसा चालू असाव्यात असं दिसतं. तसं असेल तर सर्जनना ओबरलिनच्या पद्धतीबद्दल विचारा. फ्रान्सच्या क्रिस्टोफ ओबरलिन यांनी १९९४ मध्ये ती मांडली. हाताच्या पंजाकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला एक छोटा जुडगा काढून तो दंडातच बायसेप्सच्या नसेला जोडतात. मानेपासूनचा प्रवास वाचतो, काही सेंटीमीटरच उरतात. पंजाची ताकद सहसा टिकते, कारण नसेत जुडगे बरेच असतात. सुरुवातीला कोपर वाकवायला त्याला मूठ आवळावी लागेल, कारण मेंदूच्या लेखी ती नस अजून पंजाचीच असते. हे घरच्यांना आधी माहीत असलं म्हणजे घाबरायला होत नाही. हळूहळू मेंदू नवं काम शिकतो.

आपल्याकडे नस म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही, म्हणून मालिश करून नस मोकळी करण्याचे सल्ले येतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. पण खांदा, कोपर, बोटं रोज दुसऱ्याने हलवून सैल ठेवा, आणि हात लोंबू देऊ नका, झोळीत असू द्या. सांधा आखडला तर परत आलेल्या नसेला हलवायला काही उरत नाही.

ईएमजी (सुई घालून स्नायूतली वीज मोजायची तपासणी) कधी केला होता आणि त्यात बायसेप्सपुढे काय लिहिलंय, तेवढं कळवा. नुसतं फिब्रिलेशन (नस तुटलेल्या तंतूंची आपोआप होणारी थरथर) लिहिलंय की बारीक नवी मोटर युनिटंही दिसलीत, हे महत्त्वाचं आहे. नवी युनिटं असतील तर नस आपली आपण परततेय, आणि मग सर्जनशी वेगळं बोलावं लागेल. तपासणी तीन महिन्यांपूर्वीची असेल तर ऑपरेशनची तारीख न हलवता ती आधी पुन्हा करून घ्या.