एवढा सुंदर गणपती पाण्यात का सोडायचा?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये जमिनीवरच्या त्या लांबलचक व्रणावरून तू चालत गेलीस. डोरिस साल्सेदो या कोलंबियन कलावतीने २००७ मध्ये तिथे १६७ मीटर लांबीची भेग पाडली होती. बाहेरून आलेल्या माणसांना दूर ठेवणाऱ्या दरीची ती खूण होती आणि २००८ मध्ये ती बुजवल्यावरही तिचा माग राहिला, हे मी सांगितल्यावर तू विचारलेस, "आई, इथे बुजवलेली भेगसुद्धा दिसू देतात, मग आपण एवढा सुंदर गणपती पाण्यात का सोडतो? तुम्हाला त्याची किंमत नव्हती का?" यातला शेवटचा प्रश्न मला लागला. तोंडी उत्तर देताना माझे व्याख्यान होते असे तू म्हणतेस, म्हणून लिहिते आहे.

शास्त्र काय सांगते ते अक्का आजीला विचार. मला कोकणातल्या आचऱ्याचे आपले घर तेवढे ठाऊक आहे. श्रावणात अण्णा घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, नेऊन देत आणि मग आमची खरी शाळा सुटली, की आम्ही त्या दुसऱ्या शाळेत जाऊन बसत असू. मूर्तिकाराच्या पडवीत ओळीने मांडलेल्या पाटांतून आपला पाट कोणता हे आम्हा प्रत्येकाला माहीत असे. मातीच्या गोळ्यातून पोट, मग हात, मग सोंड निघताना आम्ही पाहत असू आणि डोळ्यांची आखणी सुरू झाली, की कोणी न सांगताही गप्प होत असू. पूर्ण झालेली मूर्ती इथे तू पाहतेस; आम्ही ती होताना पाहिली.

घरी बापूकाका गणपतीमागची भिंत रंगवत. आधी गेल्या वर्षीच्या चित्रावर चुना फासला जाई. चुना ओला असेपर्यंत जुना मोर त्यातून दिसत राही आणि वाळत गेला तसा नाहीसा होई. मला ते बघवत नसे. बापूकाका मात्र तोवर कमळांचे रंग डिंकाच्या पाण्यात कालवू लागलेले असत. विसर्जनाला मी रडत असे, त्यामुळे किंमत नव्हती असे म्हणू नकोस. मूर्ती खाडीत सोडून, पाटावर मूठभर वाळू घेऊन आम्ही परत येत असू आणि तो पाट पुसून माळ्यावर जाई, तो पुढच्या श्रावणासाठी. मूर्ती घरातच राहिली असती तर पाट पुन्हा शाळेत गेला नसता आणि मूर्तिकाराच्या शेजारी बसून सोंड वळायला शिकणाऱ्या त्याच्या मुलाला कामही उरले नसते, असे मला वाटते.

वाटते, एवढेच. कारण बापूकाकांच्या एकाही भिंतीचा फोटो आपल्याकडे नाही आणि तुला दाखवायला माझ्यापाशी या वर्णनाशिवाय काही नाही, हे मला खुपते. टेटमध्ये प्रत्येक कलाकृतीशेजारी कलावंताचे नाव आणि साल असते. आमच्या मूर्तीवर कोणाचेच नाव नसे. अर्थात तिथेही सगळ्या हातांना नाव मिळते असे नाही. त्याच हॉलमध्ये २०१० साली आय वेवे या चिनी कलावंताने चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या. त्या हाताने घडवून रंगवणारे चीनमधल्या चिंग्देझन शहराचे शेकडो कारागीर होते, पण कलाकृती एकाच्या नावाची. त्यावर लोकांना चालू देणार होते, पण धूळ उडू लागल्याने काही दिवसांतच तेही थांबवावे लागले. आणि आमच्या बाजूचेही खरे सांगायचे तर प्लास्टरची मूर्ती विरघळत नाही, भरतीला तिचे तुकडे किनाऱ्याला लागतात. ते पाहिल्यावर मी वर लिहिलेले कितपत टिकते, याची मला शंका येते.

तेव्हा आग्रह नाही. यंदाची मूर्ती तू मातीची करते म्हणाली आहेस. ती बादलीत विसर्जित करायची की कपाटावर ठेवायची, हे तूच ठरव. ठेवलीस तर मात्र अक्का आजीला फोनवर तूच समजावून सांग, माझ्याच्याने ते होणार नाही.

तुझी,
आई