वाचकांचे प्रश्न : डोपामिनचं शोषण घटलं, पण कशामुळे?

प्रश्न : डोपामिन वाहक म्हणजे डॅट (डोपामिन पेशीत ओढून घेणारं पटलावरचं प्रथिन) असलेल्या एचईके-२९३ या प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींना पीएमए हे रसायन देऊन प्रोटीन कायनेज-सी (प्रथिनांना फॉस्फेट लावणारं एन्झाइम) जागं केलं की डोपामिनचं शोषण घटतं. वाहक मंदावतो की पेशीच्या आत ओढला जातो, हे ओळखायचं कसं?
— एमएस्सीची विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : शोषणाच्या एका आकड्यावरून ते कळत नाही. डोपामिनच्या ०.१ ते १० मायक्रोमोलर अशा सहा-सात मात्रा घेऊन व्हीमॅक्स (शोषणाचा कमाल वेग) आणि केएम (निम्मा वेग गाठायला लागणारी मात्रा) काढा. डॅटमध्ये पीएमएनंतर मुख्यतः व्हीमॅक्स उतरतो. पण जागेवरचा वाहक मंदावला तरी व्हीमॅक्स उतरू शकतो, म्हणून पेशीपटलावरचे वाहक बायोटिनची खूण लावून, वेगळे काढून मोजावेच लागतात.

पीएमए १ मायक्रोमोलर, ३७ अंशांना ३० मिनिटं. मग प्लेट थेट बर्फावर ठेवून गार पीबीएसने (फॉस्फेटयुक्त खारं बफर) धुवा. पटलावरची ये-जा थंडीतच थांबते; एप्रिलमधल्या नाशकात प्लेट टेबलावर पाच मिनिटं राहिली तरी निकाल बिघडतो. खुणेसाठी वापरायचं सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिन पाण्यात निकामी होत जातं, ते ऐनवेळीच विरघळवा. ट्रिस बफर अजिबात नको, त्यातला अमाइन गट बायोटिन गिळतो. उरलेलं बायोटिन संपवायला १०० मिलिमोलर ग्लायसिन वापरा. बायोटिन लागलेल्या भागात ॲक्टिन या पेशीच्या आतल्या प्रथिनाचा ठळक पट्टा दिसला तर पेशी फुटल्या होत्या, तो नमुना टाकून द्या.

सोबत तुलनेसाठी निष्क्रिय ४-अल्फा-पीएमए, तेवढंच डीएमएसओ (पीएमए विरघळवायचं द्रावक) आणि कायनेज-सी रोखणारं बिसइंडोलिलमॅलिमाइड यांचे प्लेटमधले गाळे (वेल) हवेत. शोषणाच्या बफरमध्ये १०० मायक्रोमोलर ॲस्कॉर्बिक आम्ल घाला, नाहीतर डोपामिन ऑक्सिडाइज होतं. डॅट बंद करणारं जीबीआर-१२९०९ घातलेल्या गाळ्याचा आकडा वजा करा. पीएमए रात्रभर ठेवू नका. तेवढ्या वेळात कायनेज-सीच नष्ट होत जातं.

डॅटवर फॉस्फेट दिसला म्हणून तोच कारण, असं मात्र लिहू नका. डॅटच्या एन-टोकाकडचे, फॉस्फेट लागणारे सेरीन काढले तरी डॅट आत जातोच. तिथे नेड४-२ हे एन्झाइम लायसीनवर युबिक्विटिन हे छोटं प्रथिन चिकटवतं, ते निर्णायक ठरतं.

प्रश्न : सेरोटोनिनच्या वाहकालाही हेच लागू पडतं का?
— वाचक, पंचवटी

उत्तर : कायनेज-सीपुरतं बऱ्याच अंशी. पी३८ मॅप कायनेज हे दुसरं कायनेज मात्र उलट वागतं: पटलावरचे वाहक तेवढेच राहून केएम उतरतो आणि शोषण वाढतं. आणखी एक, बाहेर सेरोटोनिन असेल तर कायनेज-सीमुळे होणारं या वाहकाचं फॉस्फोरिलेशन दबतं. माध्यमातल्या सीरममध्येही सेरोटोनिन असतं, तेव्हा पीएमए देण्याआधी पेशी नीट धुवून घ्या.