कवीच्या प्रेमकथेवरचा, जुन्या काळात घडणारा कोणता चित्रपट पाहावा?

दिग्दर्शिका जेन कॅम्पियनचा 'ब्राइट स्टार' (२००९) बघाच. इंग्रज कवी जॉन कीट्स आणि शेजारची फॅनी ब्रॉन यांची गोष्ट आहे. कीट्सच्या खिशात पैसा नाही म्हणून लग्न अडलेलं, त्यात त्याला क्षय. १८२१ मध्ये रोममध्ये तो वारला तेव्हा अवघा २५ वर्षांचा होता.

सुरुवातच कापडातून जाणाऱ्या सुईने होते, कारण फॅनीला शिवणाचं वेड. पुढे दोघांच्या खोल्यांमध्ये फक्त एक भिंत असते. त्या भिंतीला हात लावलेला बघून माझा गळाच दाटला.

मी जळगावकडची. आपले धरणगावचे बालकवीही १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, अठ्ठाविशीही न गाठता. चित्रपटभर सारखे तेच आठवत राहिले. सबटायटल लावून, रात्री निवांत बघा.