संघात कोणाला, कधी आणि किती सांगायचं?

समलिंगी खेळाडू आणि त्यांचे प्रशिक्षक यांच्याकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, फुटबॉलमध्ये गोलकीपर. मी गे आहे. घरी माहीत नाही, संघात तर नाहीच. लपवून लपवून थकलोय. सगळ्यांना एकदाच सांगून मोकळं व्हावं का?

उत्तर : एकदम नको. तुमचा थकवा खरा आहे, पण सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. म्हणून क्रम तुमच्या हातात राहू द्या : आधी एक माणूस, मग दोन-तीन, संघ सगळ्यात शेवटी. संघाला कधीच सांगावंसं वाटलं नाही, तरी त्यात कसलाही खोटेपणा नाही.

पहिला माणूस निवडताना तो स्वभावाने चांगला आहे एवढ्यावर जाऊ नका. तुमची निवड, राहण्याची जागा किंवा पैसा त्याच्या हातात असेल तर तो पहिला नको. अंदाज घ्यायचा असेल तर जेक डॅनियल्सचा विषय काढा. तेव्हा इंग्लंडच्या ब्लॅकपूल क्लबकडून खेळणारा हा फुटबॉलपटू मे २०२२ मध्ये, १७व्या वर्षी, आपण गे असल्याचं जाहीरपणे बोलला. विषय काढा तो मात्र एकट्यात. घोळक्यात खिदळणारा मुलगा एकटा असताना पुष्कळदा वेगळं बोलतो.

सांगायला तीन वाक्यं पुरतात : ‘मी गे आहे. हे सध्या तुझ्यापाशीच राहू दे. कोणाला सांगावंसं वाटलं तर आधी मला विचार.’ बहुतेक जण तिसरं वाक्य विसरतात आणि बातमी तिथूनच फुटते. त्यामागे दुष्टावा असतोच असं नाही. समोरच्याला वाटतं, कर्णधाराला सांगितलं तर मदतच होईल.

निवड चाचणीच्या आठवड्यात, सामन्याच्या दिवशी किंवा दौऱ्यावर एका खोलीत राहत असताना सांगू नका. चाचणीच्या तोंडावर सांगितलं आणि नाव वगळलं गेलं, तर कारण खेळ होता की दुसरं काही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. हंगाम संपल्यानंतरचा काळ बरा. डॅनियल्सनेही आधी घरी आणि क्लबमध्ये सांगितलं, आणि जाहीर केलं ते हंगाम संपल्यावर. घरच्यांना सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण एका सामन्यात चार गोल केले, असं त्याने सांगितलं होतं. तुमच्याबाबतीत सुरुवातीचे काही दिवस झोप उडाली, सरावात लक्ष लागलं नाही, तर घाबरू नका. तेही होतं.

वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती संघावर अवलंबून असेल, तर सांगण्याआधी तीन गोष्टी करून ठेवा : राहायला दुसरी जागा, दोन-तीन महिन्यांचा खर्च, आणि जन्मदाखला, पासपोर्ट, खेळाडू नोंदणी, वैद्यकीय अहवाल ही कागदपत्रं स्वतःच्या ताब्यात.

क्लबच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणार असाल, तर तोंड उघडण्याआधी विचारा : ‘मी बोलेन त्यातलं क्लबला काय कळवलं जातं?’ उत्तर लेखी मागा. ते गुळमुळीत आलं, तर बाहेरचा तज्ज्ञ गाठा. आणि जीव नकोसा वाटायला लागला, तर क्रम, गुप्तता, हंगाम सगळं बाजूला ठेवा. त्याच दिवशी डॉक्टर, हेल्पलाइन किंवा विश्वासाच्या माणसापर्यंत पोहोचा.

प्रश्न : प्रतिस्पर्धी खेळाडू सामनाभर ‘बायल्या’ म्हणत राहतो. तक्रार केली तर ‘पुरावा काय’ म्हणतात. काय करू?

उत्तर : पुरावा सामन्याच्या वेळीच उभा करावा लागतो. शब्द ऐकल्यावर खेळ थांबला की कर्णधाराने पंचांना लगेच सांगावं आणि सामन्याच्या अहवालात नोंद करायला लावावी. फुटबॉलमध्ये फिफाने भेदभावाच्या प्रसंगांसाठी पंचांना तीन पायऱ्यांची पद्धत दिली आहे : आधी खेळ थांबवणं, मग संघांना काही काळ ड्रेसिंग रूममध्ये पाठवणं, आणि तरीही प्रकार चालू राहिला तर सामना सोडून देणं. कर्णधाराला हे माहीत असेल तर तो पंचांशी नेमकं बोलू शकतो.

त्याच रात्री लिहून काढा : कितवं मिनिट, मैदानाचा कोणता भाग, समोरच्याचा जर्सी क्रमांक, कोणी ऐकलं. आणि शब्द जसाच्या तसा लिहा. ‘शिवीगाळ केली’ असं लिहिलं की तक्रार तिथेच अर्धी मरते, कारण शिवीगाळ आणि भेदभाव यांची कलमं बहुधा वेगळी असतात. साक्षीदारांकडून दोन-दोन ओळी त्याच दिवशी घ्या. आठवड्याने प्रत्येकाची आठवण वेगळी होते. ईमेल संघव्यवस्थापक आणि आयोजक दोघांना पाठवा, पोच मागा. तक्रारीची मुदत स्पर्धेच्या नियमावलीत आधीच पाहून ठेवा, ती फार थोडी असू शकते.

हात उचलू नका. उचललात तर शिक्षा तुम्हाला होते आणि मूळ तक्रार बुडते.

फेब्रुवारी २०१९ मधली सेंट लुशिया कसोटी इथे आठवावी. वेस्ट इंडीजचा शॅनन गॅब्रिएल काय म्हणाला ते स्टंप माइकमध्ये आलं नव्हतं. आलं ते जो रूटचं उत्तर : हा शब्द अपमान म्हणून वापरू नकोस, गे असण्यात गैर काही नाही. रूट स्वतः गे असल्याचा प्रश्नच नव्हता. गॅब्रिएलने आरोप मान्य केला, त्याचं ७५ टक्के सामना मानधन कापलं गेलं आणि आधीचे दोषांक धरून चार एकदिवसीय सामन्यांची बंदी आली. संघातल्या दुसऱ्या कोणी मोठ्याने हटकलं तर तेही नोंदीचं काम करतं, आणि सगळं ओझं एकट्या खेळाडूवर पडत नाही.

प्रश्न : मी प्रशिक्षक आहे. एका मुलाने विश्वासाने मला सांगितलं. निवड समितीला कळवणं माझं कर्तव्य आहे का?

उत्तर : नाही. निवडीशी त्याचा काही संबंध नाही. वेल्सचा रग्बी कर्णधार गॅरेथ थॉमसने प्रशिक्षकाला सांगितलं, तेव्हा तुला आधार लागेल असं त्याला सांगून प्रशिक्षकाने दोनच सहकाऱ्यांना विश्वासात घेतलं. थॉमस जाहीरपणे बोलला तो त्यानंतर तीनएक वर्षांनी, डिसेंबर २००९ मध्ये. तुमच्या मुलालाही विचारा : कोणाला सांगू, की कोणालाच नको? त्याची खोली किंवा अंघोळीची वेळ परस्पर बदलू नका. तेवढ्यावरून संघ ओळखतो.

खरं काम सरावातल्या भाषेवर आहे. ‘बायल्यासारखा काय खेळतोस’ हे वाक्य आधी तुमच्या तोंडून जायला हवं. त्याजागी काय चुकलं ते सांगा : ‘टॅकलला खांदा वर राहिला, गुडघे वाकव.’ खेळाडूला दुरुस्ती मिळते, शिवीतून ती कधीच मिळत नव्हती. नियम हंगामाच्या पहिल्या दिवशीच सांगा, म्हणजे तो कोणा एकासाठी केला असं वाटत नाही. पहिल्यांदा शब्द निघाला की सराव थांबवून बाजूला बोलायचं, दुसऱ्यांदा पुढचा सामना बाहेर. सर्वोत्तम स्ट्रायकरलाही हाच नियम. तिथे सूट दिलीत तर नियम संपला.

किती पुढे जायचं हेही आधी ठरवा. २०२० मध्ये अमेरिकेतला सॅन डिएगो लॉयल हा फुटबॉल संघ एका सामन्यात मध्यंतराला ३-१ ने पुढे होता. कॉलिन मार्टिन या उघडपणे गे असलेल्या खेळाडूला उद्देशून शिवी दिल्याच्या आरोपानंतर उत्तरार्धाच्या सुरुवातीला संघ मैदान सोडून गेला आणि सामना गमावला. प्रत्येक संघाला हे परवडणार नाही. पण हा निर्णय भर सामन्यात पहिल्यांदा चर्चेला आला, तर तो सहसा घेतलाच जात नाही.

प्रश्न : माझे फोटो पाठवून एक जण पैसे मागतोय, नाहीतर क्लबला सांगेन म्हणतो.

उत्तर : पैसे देऊ नका, मागणी वाढत जाते. चॅट डिलीट करू नका. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा, मग वकील आणि पोलीस. धावपटू द्युती चंदने मे २०१९ मध्ये आपल्या समलिंगी नात्याबद्दल जाहीर सांगितलं, तेव्हा जवळच्याच व्यक्तीकडून ब्लॅकमेल होत असल्याचंही ती बोलली होती. तुम्हाला जाहीर करायची गरज नाही. फक्त क्लबमधल्या एका भरवशाच्या माणसाला, तो धमकी देणारा पोहोचण्याआधी, तुम्ही स्वतः सांगा. कोणी थेट विचारलंच तर ‘खासगी आयुष्याबद्दल मी बोलत नाही’ एवढं उत्तर पुरे.