समुद्र कथा अन् आपन कथा?

एका आईचं पत्र:

"सर, आम्ही दोंडाईचाजवळच्या गावात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मुलीचे पप्पा मिरची आणि कापूस करतात. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहेत. मागच्या वर्षी माझ्या भावाकडे चिपळूणला गेली, तिथून वेळासला कासवाची पिल्लं पाहून आली. तेव्हापासून एकच ध्यास, समुद्रातल्या प्राण्यांवर संशोधन करायचं. नीटचा क्लास लावलाय, पण मन लागत नाही. तिने इंटरनेटवर एक कार्यक्रम शोधलाय. परदेशातल्या बेटावर पंधरा दिवस कासव वाचवण्याचं स्वयंसेवकाचं काम, खर्च 2 लाख 80 हजार. तिचे पप्पा म्हणतात, कर्ज काढू पण पोरीचं मन मोडायचं नाही. सासूबाई म्हणतात, 'समुद्र कथा अन् आपन कथा?' म्हणजे समुद्र कुठे अन् आपण कुठे? यात पुढे पोट भरतं का? आणि ते पैसे भरावेत का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसे भरायची मुदत अंगावर आली असेल. भरू नका. पोरीसाठी कर्ज काढायची भाऊंची, म्हणजे तिच्या पप्पांची, तयारी वाचून मला भरून आलं. पण ते कर्ज यासाठी नको.

असे कार्यक्रम सगळेच फसवे असतात असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी त्या पैशांवर किनाऱ्यावरची रात्रीची गस्त खरोखर चालते. पण मग ते दान झालं, शिक्षण नाही. पंधरा दिवसांत बारावीच्या मुलीला संशोधन कोणी शिकवत नाही. एम.एस्सी.च्या किंवा फेलोशिपच्या मुलाखतीत समोर बसलेला माणूस असल्या प्रमाणपत्राकडे फारसं बघत नाही. तू स्वतः काय पाहिलंस, कसं मोजलंस, वही कुठाय, हे तो विचारतो. पुढेमागे असा कुठलाही कार्यक्रम समोर आला, अगदी आपल्या देशातला, तर तिथे गोळा होणारी माहिती कोणाकडे जाते आणि तिथे कायम राहणारा शास्त्रज्ञ कोण, एवढं विचारून घ्या. आणि फोटोसाठी पिल्लं हातात देत असतील तर त्या दारातून परत फिरा. ऑलिव्ह रिडले कासव आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जिथे वाघ आहे तिथेच. ज्याला त्याची चाड आहे, तो पिल्लू सेल्फीला देत नाही.

आता आजींचा प्रश्न. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण खानदेशातली पोरं या वाटेला जात नाहीत ती नेमकी या एका प्रश्नामुळे.

तापी तुमच्या घरापासून फार लांब नाही. मुडावदला पांझरेला पोटात घेते, सारंगखेडा, प्रकाशा ओलांडून उकाईच्या धरणात शिरते आणि सुरतेच्या पुढे, डुमसपाशी अरबी समुद्राला मिळते. मिरचीवरची फवारणी, कापसाला टाकलेला युरिया, बाजारात उडणारी पिशवी, या सगळ्याचा उतार तिकडेच आहे. उकाईत बरंच अडतं, पण सगळं नाही. हा झाला आपल्याकडून समुद्राकडे जाणारा रस्ता. समुद्राकडून आपल्याकडे येणारा रस्ता आठवडे बाजारात गोणपाट अंथरून बसलेला असतो. सुकट विकणारी बाई.

तुमचं पत्र आलं त्या रविवारी मी पावशेर सुकट आणली आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ओतली. एक पट्टी, एक भिंग, भुवया उपटायचा चिमटा. बहुतेक सगळा जवळा, कोळंबीसारखा बारीक जीव: बोटाच्या पेराएवढा, गुलाबीसर, टाचणीच्या टोकाएवढे काळे डोळे. अर्धा तास वेचत बसल्यावर बाजूला एक लहान ढीग झाला. त्यात मांदेलीची पिल्लं होती, शेपटीकडे निमुळती होत गेलेली. बोंबलाचं एक पोर होतं, काडेपेटीतल्या काडीएवढं, पण जबडा तेवढ्यातही पुरता उघडलेला. करंगळीच्या नखाएवढे दोन खेकडे. आणि निळ्या नायलॉनचा एक धागा.

जवळा डोल जाळ्यात धरतात. भरती-ओहोटीच्या ओढीत रोवून ठेवलेलं, पिशवीसारखं लांब जाळं. जवळा धरायचा तर जाळ्याची आस, म्हणजे विणीतली भोकं, बारीक लागते, आणि बारीक आसेत मोठ्या माशांची पिल्लंही येतात. आज पोर सुकटीत गेलं तर उद्याचा बोंबील कुठून येणार? पण आस मोठी करा म्हटलं तर डोलवाल्या कोळ्याच्या घरची चूल विझते. समुद्रसंवर्धनातला खरा पेच हा आहे, आणि तो पावशेर सुकटीत दिसतो. महाराष्ट्राने 2023 साली 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं पहाटे बंदरावर उभं राहून, टोपलीतला मासा उचलून, पट्टीला लावून, वहीत लिहिलेला असतो. कोचीची केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था, सीएमएफआरआय, 1947 पासून हे काम करते. मुंबईतही तिचं केंद्र आहे.

तर तुमच्या लेकीला माझा पहिला गृहपाठ. दर महिन्याला एकाच बाईकडून शंभर ग्रॅम सुकट घ्यायची. वेचायची, मोजायची, पिल्लांची लांबी लिहायची, प्रत्येक जातीचा फोटो काढायचा. माल कुठल्या बंदरावरून आला ते बाईला विचारायचं. तिला ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" असंच लिहायचं, अंदाज लिहायचा नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत बाजारात काय फरक पडतो ते बघायचं. वर्षभराची अशी एक वही त्या बेटावरच्या पंधरा दिवसांपेक्षा तिला पुष्कळ जास्त शिकवेल. बारावीचा अभ्यास बुडणार नाही, महिन्यातून एक दुपार जाईल.

पोरं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे डॉल्फिनबरोबर पोहणारी मुलगी असते. ती चूक त्यांची नाही, तेच दाखवलं जातं. मी त्यांना दोन कासवांची गोष्ट सांगतो. 25 जानेवारी 2022 ला वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परत निघालेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला. तिचं नाव ठेवलं प्रथमा. राज्याच्या वन विभागाचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचं ते काम. ती श्वास घ्यायला वर आली की यंत्र संदेश पाठवायचं, आणि शेकडो किलोमीटर लांब कोणीतरी संगणकावर त्या ठिपक्यांचा माग काढायचं. त्यातले चुकीचे ठिपके ओळखून गाळणं, उरलेले जोडणं, नकाशा करणं, यात महिने जातात, आणि हे सगळं खुर्चीत बसून होतं. दुसरी मादी ओडिशाच्या किनाऱ्यावरची. 2021 साली तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला धातूचा साधा बिल्ला लावला होता. जानेवारी 2025 मध्ये ती गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची मादी पश्चिम किनाऱ्यावर! ही बातमी कशामुळे झाली? अंधारात वाळूवर वाकून कोणीतरी बिल्ल्यावरचा आकडा नीट वाचला आणि नीट लिहिला, म्हणून. एक अंक चुकला असता तर सगळं गेलं होतं. ज्याला असा आकडा लिहिण्यात गोडी वाटते, त्याने या क्षेत्रात यावं. तुमच्या लेकीत ती गोडी आहे का, हे सुकटीची वही सांगेल.

आता वाट. आधी एक सावधगिरी: आपल्याकडे "मरीन" म्हटलं की एजंट मर्चंट नेव्हीचं किंवा मरीन इंजिनिअरिंगचं माहितीपत्रक हातात देतात. ते जहाज चालवायचं शिक्षण, त्याचा या विषयाशी संबंध नाही.

बारावीनंतर मला तीन रस्ते दिसतात. सगळ्यात कमी खर्चाचा म्हणजे दोंडाईचा, शिरपूर किंवा धुळ्यात साधी बी.एस्सी., प्राणिशास्त्र घेऊन. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. "मरीन बायॉलॉजी" नाव लावलेल्या महागड्या पदवीपेक्षा पक्कं प्राणिशास्त्र आणि पक्की संख्याशास्त्राची बैठक मी केव्हाही निवडीन. तिचं गणित आहे ते सोडू देऊ नका, या विषयात ते सोन्यासारखं आहे. पदवीनंतर एम.एस्सी.ला मात्र बाहेर पडायचं: गोवा विद्यापीठ, कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, कुसॅट, पाँडिचेरी विद्यापीठाचं अंदमानातलं पोर्ट ब्लेअरचं (आताचं श्री विजयपुरम) केंद्र, तमिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलाई विद्यापीठाचं जुनं समुद्री जीवशास्त्र केंद्र. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेचं आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचं, एनसीबीएसचं, वन्यजीव विषयातलं एम.एस्सी.ही आहे, पण तिथे जागा मोजक्या आणि चुरस मोठी.

दुसरा रस्ता बी.एफ.एस्सी., मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. नागपूर आणि उदगीरलाही आहेत. प्रवेश राज्याच्या सीईटीतून. पुढे मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, सीआयएफई. या रस्त्यावर बोटीचा, जाळ्याचा, बाजाराचा अनुभव लवकर मिळतो, आणि नोकरीची दारं जास्त: राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग, कृषी संशोधन सेवा, मत्स्यबीज केंद्रं. मला विचाराल तर तुमच्या घरची परिस्थिती पाहता मी हा पहिला ठेवीन. कुठल्याही वळणावर थांबलं तरी हातात काम असतं.

तिसरा रस्ता भाऊंना आवडेल. नीटचा क्लास वाया जात नाही, पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश आपल्याकडे नीटच्या गुणांवरच होतो. डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. जाळ्यात अडकून वल्हं तुटलेलं कासव तिथे येतं तेव्हा गरज असते ती पशुवैद्याची. आणि समुद्राचं काम पुरेसं मिळालं नाही तरी खानदेशात गुरांचा डॉक्टर कधी उपाशी राहिलेला मी पाहिला नाही.

पोट भरतं का, हे तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगतो. भरतं, पण उशिरा. एम.एस्सी. झाल्यावर पहिली दोन-चार वर्षं प्रकल्पावरची कंत्राटी कामं असतात. प्रकल्प संपला की काम संपलं. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिना 37 हजार मिळतात, वर घरभाडं. त्यावर एकटी मुलगी नीट राहू शकते, घरी पैसे पाठवायचे म्हटलं तर ओढाताण होते. कायम नोकऱ्या थोड्या आहेत. एमपीएससीतून वनसेवेत गेलेल्यांना कांदळवन कक्षासारख्या ठिकाणी हे काम करता येतं, तो पर्याय तिने डोक्यात ठेवावा. पीएच.डी.साठी सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, तुमच्या प्रवर्गाप्रमाणे कोणती लागू होते ते आत्ताच बघून ठेवा. भाऊंना मी एवढंच म्हणेन की ते कर्ज काढायचंच झालं तर एम.एस्सी.च्या वेळी, बाहेरच्या राज्यातल्या वसतिगृहासाठी काढा. तेव्हा ते सत्कारणी लागेल.

पोहायला मात्र शिकवा. तलावात, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. तापीच्या बंधाऱ्यांवर नको, तिथे पाण्याचा भरवसा नाही. स्कुबा नंतर, हवं तर तारकर्लीला. ते न शिकताही या विषयात आयुष्यभर उत्तम काम करणारे लोक आहेत.

आणि वेळासला परत जाऊ द्या. पण या वेळी वेगळ्या कामाने. तिथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून घरटी राखली. त्याआधी अंडी चोरीला जायची, कुत्री-कोल्ही उकरायची. आज गावातल्या घरांत पाहुणे उतरतात, त्यांच्या जेवणा-राहण्याचे पैसे गावाला मिळतात, म्हणून गाव कासव राखतं. तिने या वेळी पिल्लांपेक्षा माणसांकडे बघावं. एखाद्या काकूंच्या ओसरीवर बसून विचारावं की पूर्वी काय व्हायचं, आता काय बदललं, घरात किती पैसे येतात, कोण अजून नाराज आहे. बारावीची परीक्षा संपली की मार्चअखेर ते एप्रिल, तेव्हा पिल्लं निघण्याचे दिवस असतात. अंड्यातून बाहेर यायला साधारण 45 ते 55 दिवस लागतात आणि दिवस ठरवून कोणी देऊ शकत नाही, तेव्हा दोन-तीन दिवस हाताशी ठेवूनच जा. तुम्हीही बरोबर जा, ताई. जमलं तर आजींनाही न्या.

पहिल्या महिन्याची सुकट वेचून झाली की वहीच्या पानाचा फोटो मला पाठवा. तारीख, बाजार आणि माल कुठून आला, हे पहिल्या ओळीत असू द्या.