आधी ब्रेक, मग रंग

प्रश्न: माझ्याकडे जुनी लँड रोव्हर सिरीज थ्री आहे, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची म्हणून गंजणार नाही असं वाटायचं पण दरवाज्याच्या खालच्या कडेला पांढरी भुकटी सुटतेय, ब्रेकच्या नळ्याही गंजल्यात. आधी काय करू?

उत्तर: आधी ब्रेक! एक कारण जिवाचं आणि दुसरं असं की ब्रेक फ्लुइड सांडलं की रंग सोलून निघतो, मग नवा रंग देऊन काय उपयोग. गंजलेली नळी घासून परत वापरायची नाही, सरळ बदला. कॉपर-निकेलची नळी घ्या, ती गंजत नाही आणि हाताने छान वळते, साधं तांबं मात्र थरथरीने कडक होऊन तडकतं. टोकाचा फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरवलेलं तोंड, जुन्या नळीसारखाच हवा, नाहीतर गळणारच. रबरी होज पण नवे टाका, डॉट ४ ब्रेक फ्लुइडमध्ये डॉट ५ प्रकारचं कधीच मिसळू नका, आणि नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर फ्लुइड ढकलणारा भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा.

आता ती भुकटी. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा पण दरवाज्याची फ्रेम स्टीलची, मध्ये ओल शिरली की बॅटरीसारखं काम सुरू होतं आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. नुसती पुट्टी भरली तर परत येणार, पत्रा सोडवा, साफ करा, एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला थर, मारा आणि जोडताना मध्ये सीलंट घाला. बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि चासी पण ठोकून बघा हं, ते स्टीलचे आहेत, खरी सडलेली जागा बहुतेक तिथेच सापडते.